सासऱ्यांची इटालियन

"ही गाडी मी चालू करून दाखवतो," असं कलमराव म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. पुढची दोन वर्षं त्यांना राहून राहून वाटायचं, की त्या घटकेला तो चहा हातात असण्याऐवजी तोंडात असता तर सगळंच निभावलं असतं. भरल्या तोंडानं कुणी वचन देत नाही.

कलमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. गाड्यांच्या विम्याच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि भरपाई मागायला आलेल्या माणसाला पॉलिसीतलं नेमकं कुठलं कलम आडवं येतं, हे ते कागद न उघडता सांगत. एकदा एका गृहस्थांच्या गाडीवर झाड पडलं. तेव्हा झाड गाडीवर पडलं की गाडीच झाडाच्या पडण्याच्या जागी उभी होती, यावर त्यांनी अडीच पानांचं टिपण लिहिलं. ते वाचून त्या गृहस्थांनी अर्ज मागे घेतला आणि जाताना स्वतःच दिलगिरी व्यक्त केली. तेव्हापासून ते कचेरीत कलमराव झाले, मग शेजारपाजारी झाले आणि शेवटी घरातही झाले. बायको एरवी 'अहो' म्हणायची. 'कलमराव' म्हणाली की समजावं, आज बाहेर एक फेरफटका मारून आलेलं बरं.

त्या दिवशी सगळे जमले होते ते मेहुण्यानं जुनं घर विकलं म्हणून. भांडीकुंडी बांधून झाली, कपाटं गेली, आणि शेवटी मागच्या शेडमधली ताडपत्री ओढली तर खाली सासऱ्यांची इटालियन गाडी. लाल, दोन माणसांची, जेमतेम कमरेइतकी उंच. सासऱ्यांनी उमेदीच्या काळात ती मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून घेतली होती. सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती, पण कुणी पंखा जोरात लावला तरी मेहुण्याला अजून बाबांची गाडी आठवायची.

भंगारवाल्याला बोलावलेलंच होतं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर टिचकी मारली आणि बोट पुसलं.

"साहेब, लोखंड असतं तर नेलं असतं," तो म्हणाला. "हा नुसता गंज आहे. गाडीच्या आकाराचा."

मेहुण्यानं सुस्कारा सोडला. "बाबा निघाले की वाऱ्यासारखे जायचे. आता हिला हात लावील असा माणूस आपल्या घरात उरला नाही." मग त्यानं कलमरावांकडे पाहिलं. दुकानदार शंकास्पद नोट उजेडात धरून बघतो तसं. "भाऊजी, तुमचं काम कागदावरच्या गाड्यांचं. वाईट वाटून घेऊ नका."

'वाईट वाटून घेऊ नका' हे चार शब्द असे आहेत, की ते कानावर पडेपर्यंत माणसाला काही वाईट वाटलेलं नसतं. कलमरावांना ते एकदम वाटलं आणि त्या भरात ते वाक्य तोंडातून गेलं.

तरीही ते मागे घेता आलं असतं. मेहुण्याला दिलेला शब्द मोडण्यात एक वेगळंच समाधान असतं. पण कोपऱ्यात बसून गादीला दोरी बांधत असलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "सुरू झाली तर मला एकदा बसवा तिच्यात."

"म्हणजे काय आई," मेहुणा म्हणाला, "तू बसली असशीलच की."

"कधी? दोनच जागा. एका जागेवर ते, दुसऱ्या जागेवर त्यांचे मित्र. मित्र नसले तर कुत्रं." त्यांनी गाठ आवळली. "चाळीस वर्षं दारात होती. पुसली मात्र रोज मी."

कलमरावांनी चहा संपवला. तो गार झाला होता.

मेहुण्याचं नवं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून त्या लिफ्ट असलेल्या इमारतीत लेकीकडे राहायला आल्या. अशा रीतीनं सासूबाई आणि सासऱ्यांची गाडी एकाच दिवशी कलमरावांच्या दारात पोचल्या, एक टॅक्सीनं आणि एक टेंपोवर. सासूबाईंना उतरवून घ्यायला एक माणूस लागला, गाडीला अकरा. त्यांतले नऊ जण सोसायटीतले शेजारी होते, आणि गाडीला आपला हात लागला म्हणजे तिच्याबद्दल मत द्यायचा हक्क आपल्याला मिळाला, असं त्या नऊही जणांचं ठाम मत पडलं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर तिथल्या तिथे बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"कीड मुळापर्यंत गेलीय," ते म्हणाले. "मी असतो तर काढूनच टाकलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी नियमांचं पुस्तक घेऊन आले. ते कलमरावांना मानत, कारण नियमांवर प्रेम करणारी सोसायटीत ही दोनच माणसं होती. पण मानणं वेगळं आणि सोडणं वेगळं.

"नियम एकवीस," सेक्रेटरी म्हणाले. "पार्किंगमध्ये फक्त चालू स्थितीतली वाहनं. नियम तेवीस, आवारात भंगार ठेवायचं नाही. आता ही यातली कोण, ते तुम्हीच सांगा. मी तुमच्यावर सोडतो."

तीस वर्षं कलमराव ज्या खुर्चीत बसत होते तिच्या पलीकडची बाजू कशी दिसते, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. बराच विचार करून ते म्हणाले, "हे दुरुस्तीच्या मार्गावरील वाहन आहे."

असा प्रकार नियमांत नव्हता. मग तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत ठराव झाला, की गाडी झाकून ठेवावी आणि मालकानं दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल सूचनाफलकावर लावावा. म्हणजे पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी आता कलमरावांची इभ्रत टांगली जाणार होती, आणि तीही वर्षातून चार वेळा.

पहिल्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'गाडी झाकली.' खोटं काहीच नव्हतं. पण झाकलेल्या गाडीत ऊब असते, आणि सोसायटीतल्या मांजरीला ती सापडली. तिनं चालकाच्या सीटवर पाच पिल्लं घातली. कलमराव खोकं घेऊन खाली गेले तेव्हा तिथे आधीच बायकांचा घोळका उभा होता, आणि त्यांची स्वतःची बायको सर्वांत पुढे होती.

"अहो, पिल्लांचे डोळे तरी उघडू द्या," ती म्हणाली.

"आणि गाडी?"

"ती इतकी वर्षं थांबली. तिला कसली घाई?"

सात आठवडे गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या अहवालात प्रगतीच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचल्यामुळे कलमरावांनी प्रामाणिकपणे 'मांजर व्यायली' असं लिहिलं. संध्याकाळी पाहतात तर खाली कुणीतरी पेन्सिलीनं 'अभिनंदन' लिहून ठेवलेलं.

मांजर गेल्यावर मेस्त्री आले. हे मेस्त्री जुन्या गाड्यांतले दर्दी, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या तीन दाढा डॉक्टरांनीच बसवल्या होत्या. पहिल्या दिवशी मेस्त्री गाडीसमोर तासभर नुसते स्टूल टाकून बसले. कलमराव शेजारी उभे. अखेर त्यांना राहवेना.

"काय वाटतं?"

"दुखावलीय," मेस्त्री म्हणाले. "उघडावी लागेल."

आणि उघडली. सगळीच. पुढच्या दहा दिवसांत गाडीतून जे काय निघायचं ते निघालं, आणि आवारात सुटे भाग ठेवायला नियम तेवीस आडवा येत असल्यामुळे ते दुसऱ्या मजल्यावर कलमरावांच्या घरात आलं. हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. सोफ्याखाली गिअरबॉक्स, टीव्हीच्या टेबलावर दिवे, जेवणाच्या टेबलाखाली इंजिनाचं वरचं झाकण. भेटायला आलेले नातेवाईक पाय वर घेऊन बसू लागले, आणि मग यायचेच बंद झाले. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला कलमरावांच्या बायकोनं एक पिस्टन टेकवला. गुण आला. पुढे मेस्त्रींनी तो पिस्टन परत नेला तेव्हा ती म्हणाली, "इतक्या दिवसांत त्या गाडीचा घराला एवढाच उपयोग झाला होता. तोही काढून घेतलात."

सासूबाई या सगळ्यात हॉलच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. हातात फडकं. कलमराव एखादा भाग रॉकेलनं धुऊन ठेवायचे, त्या तो उचलून कोरडा करायच्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. बोलायच्या काही नाहीत. एकदा मात्र त्यांनी एक लांबट नळी बराच वेळ हातात धरली आणि म्हणाल्या, "ही नेहमी निघून यायची." कलमरावांनी ऐकलं, पण ते त्या वेळी वेगळ्याच संकटात होते.

संकट होतं पुस्तकाचं. गाडीच्या कप्प्यात कंपनीचं माहितीपुस्तक सापडलं होतं, पण ते इटालियन भाषेत. कलमराव एकेक ओळ फोनवर टाकून भाषांतर करून घेत आणि वहीत उतरवून मेस्त्रींना वाचून दाखवत. वही अशी भरत गेली: 'श्वास रोखून धरा. फुलपाखरू पूर्ण उघडेपर्यंत धीर धरा. फुलपाखरू उघडत नसल्यास त्याला दोष देऊ नये.'

दोन दिवस त्या दोघांनी फुलपाखरू शोधलं. तिसऱ्या दिवशी मेस्त्रींना उलगडा झाला. इंजिनाकडे जाणारी हवा कमीजास्त करणारी एक गोल पितळी झडप असते, तिला इटलीत फुलपाखरू म्हणत असणार. अशा दोन झडपा असायला हव्या होत्या. एकच होती.

"हिच्याशिवाय?" कलमरावांनी विचारलं.

"एका फुप्फुसावर माणूस जगतो," मेस्त्री म्हणाले. "पण पळत नाही."

मग कलमरावांनी इटलीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला पत्र लिहिलं. दुकानदार सज्जन निघाला. त्यानं झडप शोधली, कापसात गुंडाळली, डबीत घातली, आणि समोरच्या देशातल्या लोकांना कळावं म्हणून डबीवरच्या चिठ्ठीत आपल्या शब्दाचं काळजीपूर्वक भाषांतर करून लिहिलं: 'फुलपाखरू, एक, जुनं, दुर्मीळ.'

सहा आठवड्यांनी जकात कार्यालयाचं पत्र आलं. दुर्मीळ कीटकाची आयात करण्यापूर्वी परवानगी का घेतली नाही, याचा खुलासा करावा.

कलमराव खुलाशाचे चार कागद घेऊन जकात कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी ते नीट वाचले. वाचून होईपर्यंत कलमरावांना आशा वाटत होती, कारण कागद पूर्ण वाचणारी माणसं त्यांना आवडत.

"ही धातूची आहे असं तुमचं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या.

"डबी उघडून बघा ना."

"कीटक असलेली डबी आम्हाला उघडता येत नाही. ती पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी उघडायची. तुम्ही त्यांच्याकडून दाखला आणा, की आत जिवंत काही नाही."

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे बाकावर कलमरावांच्या एका बाजूला एक बकरी होती आणि दुसऱ्या बाजूला पोपटाचा पिंजरा घेतलेले आजोबा. आजोबांनी विचारलं, "तुमचं काय?" कलमराव म्हणाले, "फुलपाखरू." आजोबांनी पिंजरा थोडा आपल्याकडे ओढून घेतला.

अधिकारी तरुण होते आणि आस्थेनं बोलत होते.

"मृत असल्याचा दाखला देतो ना," ते म्हणाले. "फक्त ते आधी जिवंत होतं याचा काही कागद?"

"ते कधीच जिवंत नव्हतं."

"मग मेलं कधी?"

कलमरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हे वाक्य त्यांना ओळखीचं वाटलं. हे त्यांचंच वाक्य होतं. नेमकं असंच नव्हे, पण याच घडणीची वाक्यं तीस वर्षं त्यांनी समोरच्या माणसांना ऐकवली होती, याच आस्थेच्या सुरात. समोरची माणसं अशीच तोंड उघडून मिटायची, आणि कलमरावांना वाटायचं की त्यांना पटलं. बकरीनं त्यांच्या खुलाशाचं दुसरं पान खायला सुरुवात केली होती. त्यांनी ते खाऊ दिलं.

फुलपाखरू सुटायला पाच महिने लागले. शेवटी सुटलं ते कशामुळे, हे कलमरावांना कळलं नाही. एक दिवस डबी टपालानं घरी आली, वर शिक्का: 'निरुपद्रवी'. सहाव्या अहवालात त्यांनी तो शब्द तसाच उतरून काढला.

दरम्यान सासूबाईंचे गुडघे. डॉक्टरांनी, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांनी, दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि बाहेर येऊन कलमरावांना सांगितलं, की खुर्चीवर त्या आणखी पुष्कळ वर्षं बसतील, पण खाली, जमिनीलगत बसणं आता फार दिवसांचं नाही. दिवाळखोरी जाहीर करावी तसं त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. कलमराव घरी आले आणि गाडीपाशी जाऊन सीटची उंची त्यांनी हातानं मोजली. एक वीत आणि चार बोटं. त्या दिवशी ते गाडीशेजारी फरशीवर बसून राहिले. मेस्त्री बहिणीकडे गेलेले, इंजिन अर्धं मेस्त्रींच्या दुकानात आणि अर्धं हॉलमध्ये, सातवा अहवाल पुढल्या सोमवारी. भंगारवाल्याचा नंबर अजून खिशातल्या डायरीत होता. त्यांनी तो दोनदा काढून पाहिला.

सेक्रेटरी वरून जिन्यानं उतरत होते. ते थांबले. काहीतरी नियमाचंच बोलणार होते, पण कलमरावांचा चेहरा पाहून शेजारी येऊन उभे राहिले.

"लाल रंगच देणार का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लालच बरा," सेक्रेटरी म्हणाले आणि निघून गेले. दोन वर्षांत त्यांनी नियमाबाहेर उच्चारलेलं हे एकच वाक्य, पण कलमराव त्यावर उठले.

मेस्त्री परतले. इंजिन पुन्हा एक झालं. जोडणी संपल्यावर हॉलमधल्या वर्तमानपत्रावर सात वस्तू उरल्या. कलमरावांनी त्या रुमालात बांधून मेस्त्रींपुढे ठेवल्या. मेस्त्रींनी एकेक उजेडात धरून पाहिली.

"असू द्या," ते म्हणाले. "इटलीचे भावनाप्रधान लोक. जास्तच घालतात."

गाडी पहिल्यांदा सुरू झाली ती एका शनिवारी दुपारी. आवारात पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की दातांचे डॉक्टर एका पेशंटला तसंच आ वासलेलं सोडून धावत आले. धुरातून आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, भरदार. कलमरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरामुळे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वरच्या वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल तीन तक्रारी आल्या. आठवा अहवाल एका शब्दाचा होता: 'वाजली.'

राहिला परवाना. नोंदणी कार्यालयात गाडी अजून सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे ती आधी वारसाच्या, म्हणजे सासूबाईंच्या नावावर व्हायला हवी होती. त्या गेल्या, खिडकीशी स्टूल मागवून बसल्या.

"वाहन आपल्या वापरात होतं का?" कारकुनानं विचारलं.

"पुसायला होतं," सासूबाई म्हणाल्या.

कारकुनानं 'होय' लिहिलं. एका दिवसाची परवानगी मिळाली, चाचणीपुरती, दोन किलोमीटरच्या आत.

त्या रविवारी सकाळी मेहुणा फोनचा कॅमेरा सरसावून हजर झाला. सगळी सोसायटी खाली. सासूबाई चांगले कपडे करून, केस नीट बांधून, पर्स घेऊन आल्या. त्यांना आत बसवायला पंधरा मिनिटं लागली. सूत्रं दातांच्या डॉक्टरांकडे होती. माणसाला अडचणीच्या खुर्चीत बसवायचा त्यांना अनुभव होता. "आधी बसा, पाय नंतर," ते सांगत होते. कलमरावांची बायको एका बाजूनं, मेस्त्री दुसऱ्या बाजूनं. शेवटी सासूबाई आत गेल्या, आणि दार लागल्यावर त्यांचं फक्त डोकं बाहेरून दिसू लागलं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि समोर पाहिलं.

"भाऊजी," मेहुणा फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "बाबांसारखी जरा जोरात न्या."

कलमरावांनी किल्ली फिरवली. गाडी वाजली. फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, पहिला गिअर, दुसरा गिअर. झाडं मागे जाऊ लागली. फार वेगानं नव्हे, पण मागे जाऊ लागली. दोन वर्षांत प्रथमच कलमरावांची मान सरळ झाली. त्यांनी कडेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या दोन्ही हातांनी पर्स धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते काय, हे पाहायला सवड मिळाली नाही. कारण कोपरा आला, कलमरावांनी वळण घेतलं, आणि वळण पूर्ण होता होता गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, आणि एका चपलांच्या दुकानासमोर रस्त्याच्या ऐन मध्यावर गप्प झाली.

किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टकसुद्धा नाही.

मागे हॉर्न वाजू लागले. वाहतूक पोलीस आला. परदेशी गाडी, तिचं स्टिअरिंगचं चाक डावीकडे, तो सवयीनं उजव्या खिडकीशी गेला, वाकला आणि सासूबाईंना म्हणाला, "लायसन्स."

"चष्मा घरी राहिला," सासूबाई म्हणाल्या.

"चष्म्याशिवाय गाडी चालवता?"

"चालत कुठं आहे?"

पोलिसानं आत पाहिलं, रिकामे हात पाहिले, मग पलीकडे चाकामागे बसलेल्या कलमरावांचा चेहरा पाहिला, आणि वही मिटली. "बाजूला घ्या," एवढंच म्हणाला आणि मागच्या गाड्यांना वाट करून द्यायला गेला.

कलमराव चाकावर हात ठेवून बसून राहिले. दोन वर्षं, आठ अहवाल, पाच पिल्लं, एक फुलपाखरू. आणि दोनशे पावलं.

"मला माफ करा," ते म्हणाले. "तुम्हाला एकदा फिरवून आणायचं होतं. बाबांसारखं."

"त्यांच्यासारखंच झालं," सासूबाई म्हणाल्या.

कलमरावांना कळेना.

"ही तिकडेही कोपऱ्यापर्यंतच जायची," सासूबाई दुकानातल्या चपलांकडे बघत म्हणाल्या. "पहिल्यापासून. मुलाला हे फाटकापाशी उभं करायचे, त्याला कोपऱ्यापर्यंतचं दिसायचं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असायचे. गच्चीवरून पलीकडचंही दिसतं."

"पलीकडे काय व्हायचं?"

"थांबायची. मग उतरून ढकलायचे. मित्र त्यासाठीच लागायचे."

कलमरावांनी विचारलं, "आणि कुत्रं?"

"ते मागून चालत यायचं." त्यांनी पर्सचा बंद सारखा केला. "मला कधी बसवलं नाही ते त्यामुळे. बायकोसमोर गाडी ढकलायची म्हणजे फार वाटायचं त्यांना. मीही कधी पाहिलंय म्हणून सांगितलं नाही."

"पण मला सांगायचंत," कलमराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "दोन वर्षं तुम्ही समोर बसून ते भाग पुसत होतात. एका शब्दानं तरी."

"विचारलं कुठं कुणी," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही इतके मन लावून करत होतात. त्यांच्याइतकंच. बरं वाटायचं बघायला."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेहुणा होता, फाटकापाशीच.

"भाऊजी, कुठवर पोचलात? काय वळवलीत हो. कोपऱ्यावरून गेलात आणि आवाजसुद्धा ऐकू येईना. अगदी बाबा."

कलमरावांच्या जिभेवर सगळं तयार होतं. वाऱ्यासारखे जाणारे बाबा, कोपरा, मित्र, कुत्रं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या चार शब्दांची परतफेड एका वाक्यात झाली असती, आणि कलमही चोख होतं. सासूबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. चपला बघत होत्या. पण पर्सवरची बोटं हलायची थांबली होती.

"फार पुढे आलोय," कलमराव फोनमध्ये म्हणाले. "यायला वेळ लागेल." आणि फोन बंद केला.

मागून त्यांची बायको चालत येताना दिसली. ती धावत नव्हती, म्हणजे तिला अंदाज होता. कलमराव उतरले. ती काही न विचारता त्यांच्या जागेवर बसली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघून हसली. दोघींना त्या गाडीत एकत्र बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

कलमराव मागे गेले, तळवे गाडीच्या पाठीला टेकवले आणि जोर लावला. पहिल्यांदा काही झालं नाही, मग चाकं हलली. चपलांचं दुकान गेलं, घड्याळवाल्याचं आलं. कलमरावांच्या कपाळावरून घाम ओघळला. जरा उतार लागला तशी गाडी आपणहून पुढे जाऊ लागली, आणि ते तिच्यामागे धावू लागले. इतक्यात उजव्या खिडकीतून सासूबाईंचा हात बाहेर आला.

"जरा हळू ढकला," त्या म्हणाल्या. "मला दुकानं बघायचीत."